गप्पीचं पोट आणि आजीचं फडकं

गेल्या महिन्यात माझ्या टाकीतल्या एका गप्पी मादीचं पोट फुगलं. खाणं बंद, कोपऱ्यात नुसती पडून. मी आपलं निदान करून मोकळा: बद्धकोष्ठ! दोन दिवस उपास, मग उकडून सोललेला मटार. फरक शून्य. चौथ्या दिवशी ती स्थिर असताना टॉर्च मारून नीट पाहिलं, तर गुदद्वारातून केसासारखे लाल धागे डोकावत होते. हलली की आत गायब. थोडक्यात काय, लॉग न वाचताच मी पॅच मारला होता.

हा 'कॅमॅलॅनस कॉटी' नावाचा जंत. आतड्याला तोंडाने चिकटून रक्त पितो, म्हणून लाल. जपानमध्ये फुजिता यांनी १९२७ साली त्याचं वर्णन केलं. पुढे शोभेच्या माशांच्या व्यापाराबरोबर तो जगभर पोचला. त्याची पिल्लं पाण्यात पडतात, ती सायक्लॉप्स हा जेमतेम दिसणारा जीव खातो आणि सायक्लॉप्सला मासा खातो. (कॉटी काही पिढ्या सायक्लॉप्सशिवायही काढतो, म्हणून तर टाकीत टिकतो.)

सायक्लॉप्स वाचलं आणि आजी आठवली. ती विहिरीचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळायची, "नाहीतर नारू होतो रे" म्हणत. नारू म्हणजे पायातून बाहेर येणारा हात-दोन हात लांब जंत. काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा, तुटू द्यायचा नाही.

आता गंमत बघा. नारू माणसात शिरतो कसा, हे कोडं सुटलं ते माशाच्या पोटावरून! १८६०च्या दशकात जर्मन प्राणिशास्त्रज्ञ रुडॉल्फ लॉइकार्ट यांनी माशाच्या आतड्यातल्या एका जंताची पिल्लं सायक्लॉप्समध्ये वाढतात हे दाखवलं. हा जंत कॉटीचाच भाऊबंद. नारूची पिल्लं दिसायला अगदी तशीच, म्हणून त्यांनी अलेक्सेई फेडचेन्को या तरुण रशियन संशोधकाला तिथेच शोधायला सुचवलं. १८७० साली मध्य आशियात फेडचेन्कोला ती सायक्लॉप्समध्ये सापडली.

म्हणजे नारू पिण्याच्या पाण्यातून येतो. त्यावर ना लस होती ना औषध, पण गाळलं की साखळी तुटते. भारताने १९८३-८४ मध्ये निर्मूलन मोहीम काढली, ती गाळण्यावर आणि पायऱ्यांच्या विहिरी सुधारण्यावर भर देऊन. शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात सापडला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त जाहीर केला. फेडचेन्को मात्र १८७३ मध्येच आल्प्समध्ये गेला. वय फक्त २९, जवळजवळ माझ्याएवढाच.

असो. माझी गप्पी वाचली नाही. बाकीच्यांना लेव्हामिसोल दिलं, तळ उपसून साफ केला, सध्या सगळे ठणठणीत आहेत. तुमच्याकडे कुणाचं पोट फुगलं तर मटाराआधी टॉर्च घ्या, एवढंच सांगणं.