नावापुढचे गाव

ब्रिजच्या निकालात खेळाडूच्या नावापुढे त्याचे गाव छापण्याची गरज डुप्लिकेट पद्धतीतून निर्माण झाली. चौघांनी घरी किंवा क्लबात रबर खेळायचे तर प्रत्येकाला उरलेले तिघे ठाऊक असतात, आणि कोण कुठला हे लिहून ठेवण्याचे कारण पडत नाही. डुप्लिकेटमध्ये एकदा वाटलेले पत्ते जसेच्या तसे एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातात. तिथे खेळाडूची तुलना होते ती तेच पत्ते दुसरीकडे खेळलेल्या माणसाशी, आणि दिवसभरात कदाचित त्याचे तोंडही दिसलेले नसते. निकाल लागला की पहिला प्रश्न येतो तो साहजिकच असतो : हा कोण, आणि कुठला?

याची सुरुवात ब्रिजच्याही आधी, व्हिस्टच्या काळात झाली. १८९१ मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी शहरात अमेरिकन व्हिस्ट लीगची स्थापना झाली. वाटलेले चार हात वेगवेगळे सांभाळून पुढच्या टेबलावर नेण्यासाठी जो ट्रे त्याच सुमारास निघाला, तो मिशिगनमधल्या गावाच्या नावावरून ‘कालामाझू ट्रे’ म्हणून ओळखला गेला. लीगच्या स्पर्धांत शहरोशहरीचे क्लब एकमेकांपुढे उभे राहत. जिंकणारा संघ क्लबाचा आणि क्लब शहराचा असल्यामुळे गाव निकालाच्या पोटातच असे, ते नावापुढे वेगळे लिहावे लागत नसे.

हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट यांनी १९२५ मध्ये पनामा कालव्यातून जाणाऱ्या ‘फिनलंड’ बोटीवर काँट्रॅक्ट ब्रिजची गुणपद्धती पक्की केली. दोनच वर्षांनी अमेरिकन ब्रिज लीग स्थापन झाली. १९३६ मध्ये मास्टर पॉइंटांची योजना आली आणि १९३७ मध्ये लीगचे दुसऱ्या एका संघटनेत विलीनीकरण होऊन अमेरिकन काँट्रॅक्ट ब्रिज लीग उभी राहिली. नोंदींच्या दृष्टीने या सगळ्यात मास्टर पॉइंटांचे महत्त्व सर्वांत मोठे. जिंकलेले गुण खेळाडूच्या नावावर आयुष्यभर साठत जाणार, म्हणून एका नावाच्या दोन माणसांची गल्लत होणे परवडणारे नव्हते. प्रत्येक सभासदाची नोंदवही आली, क्रमांक आला, पत्ता आला. निकालपत्रातले गाव या पत्त्यातूनच उचलले जाऊ लागले. व्हिस्टच्या काळात गावाचा अर्थ ‘ज्याच्यासाठी खेळतो ते’ असा होता. आता तो ‘जिथे टपाल येते ते’ असा झाला. बदल दिसायला किरकोळ आहे, पण पुढचे बरेचसे घोटाळे याच्यातून निघाले.

अमेरिकेच्या टपालखात्याने १९६३ मध्ये राज्यांसाठी दोन अक्षरांची लघुरूपे ठरवली. निकालपत्रातल्या अरुंद रकान्याला ती फारच सोयीची होती : डॅलस टीएक्स, मेम्फिस टीएन. याच लीगच्या क्षेत्रात कॅनडा, मेक्सिको आणि बर्म्युडाही येतात, त्यामुळे ही दोन अक्षरे नुसती शोभेची नव्हती. लंडन म्हटले तर ते ओंटारिओ प्रांतातलेही असू शकते. हॅमिल्टन ओंटारिओतही आहे आणि बर्म्युडाची राजधानीही आहे. व्हँकुव्हर कॅनडात एक, तर अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात दुसरे. टेक्सासमध्ये तर पॅरिसही आहे.

युरोपात मात्र नोंदींची घडण देशांभोवती झाली. १९३० मध्ये एली कल्बर्टसन यांचा संघ लंडनला जाऊन वॉल्टर बुलर यांच्या संघाशी २०० डाव खेळला आणि जिंकला. ही लढत अमेरिका विरुद्ध इंग्लंड म्हणून गाजली. कल्बर्टसन यांचा जन्म रुमानियातला, आई रशियन आणि वडील अमेरिकन. तरीही त्यांच्या नावापुढे अमेरिका सोडून दुसरे काही लिहिण्याचा विचार कोणी केला नाही. १९३२ मध्ये हॉलंडच्या शेवेनिंगेन येथे पहिली युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि ती ऑस्ट्रियाने जिंकली. १९३७ मध्ये बुडापेस्टला याच ऑस्ट्रियाने कल्बर्टसन यांच्या संघाला हरवले. ऑस्ट्रियाच्या संघामागे होते डॉ. पाउल स्टर्न. त्यांची बोलीपद्धती जगभर ‘व्हिएन्ना’ याच नावाने ओळखली गेली.

पुढच्याच वर्षी जर्मनीने ऑस्ट्रिया गिळला आणि निकालपत्रातला तो देशच नाहीसा झाला. स्टर्न लंडनला पळून आले. ऑस्ट्रियाच्या महिला संघातून खेळणाऱ्या रिक्सी मार्कुस यांनीही १९३८ मध्ये लंडन गाठले आणि नंतर त्या ब्रिटनतर्फे अनेक अजिंक्यपदे जिंकल्या. त्यांचा जन्म बुकोव्हिनात झाला होता. एका बाईच्या तीन जागा, आणि तिन्ही खऱ्या. देशाच्या रकान्यात आधी ऑस्ट्रिया आणि मग ब्रिटन एवढेच दिसते. मधली पळापळ दिसत नाही. १९३७ आणि युद्धानंतरचे निकाल शेजारी ठेवून पाहिले, की नावापुढचा बदललेला शब्द केवढ्या उलथापालथीची खूण आहे ते कळते.

युद्धानंतर १९५० मध्ये बर्म्युडात ‘बर्म्युडा बोल’ ही जागतिक सांघिक अजिंक्यपदाची स्पर्धा पहिल्यांदा झाली. त्यात अमेरिका, ब्रिटन आणि ‘युरोप’ असे तीन संघ होते. हा ‘युरोप’ म्हणजे स्वीडन आणि आइसलँडचे खेळाडू. तेव्हापासून जागतिक नोंदींत देशाच्या वर आणखी एक थर आला तो खंडाचा. टोरोंटोचे एरिक मरे आणि सॅमी केहेला १९६६ आणि १९६७ च्या बर्म्युडा बोलमध्ये ‘उत्तर अमेरिके’चे खेळाडू होते. हीच जोडी देशवार संघांच्या ब्रिज ऑलिंपियाडमध्ये ‘कॅनडा’ची होती. माणसे तीच, घर तेच, पण दोन याद्यांत शोधायला गेले तर ती दोन ठिकाणी सापडतात.

डॅलसचे उद्योजक आयरा कॉर्न यांनी १९६८ मध्ये उभारलेल्या ‘एसेस’ संघाची गोष्टही इथे सांगण्यासारखी आहे. तेव्हा बर्म्युडा बोल सतत जिंकणाऱ्या इटलीला हरवायचे तर खेळाडूंनी एकत्र राहून पगारावर सराव केला पाहिजे, असे कॉर्न यांनी ठरवले. फिलाडेल्फियाचे बॉबी गोल्डमन, कॅलिफोर्नियाचे माइक लॉरेन्स, न्यूयॉर्कचे बिली आयझेनबर्ग आणि नंतर लॉस एंजेलिसचे बॉब हॅमन असे एकेक जण डॅलसला आले. १९७० मध्ये स्टॉकहोमला त्यांनी बर्म्युडा बोल जिंकला तो ‘उत्तर अमेरिका’ या नावाखाली. खेळाडूंनी गावे सोडली होती एका शहरासाठी आणि विजय मांडला गेला एका खंडाच्या नावावर. डॅलस हे नाव अधिकृत तक्त्यात नाही; ते टिकले लोकांच्या तोंडी, ‘डॅलस एसेस’ म्हणून.

इटलीच्या ‘ब्लू टीम’बाबतही असेच झाले. १९५७ ते १९६९ या काळात या संघाने दहा वेळा बर्म्युडा बोल जिंकला. निकालात सर्वत्र ‘इटली’ एवढेच आहे. प्रत्यक्षात ही प्रामुख्याने दोन शहरांची कमाई होती. नेपल्सला एउजेनिओ किआराद्या यांनी एक बोलीपद्धती रचली आणि पिएत्रो फोर्के, बेनितो गारोत्सो यांनी ती वाढवली. रोमला वाल्टर अव्हारेल्ली आणि जॉर्जो बेल्लादोन्ना यांची पद्धत वेगळीच होती. एकाच संघातल्या जोड्या दोन वेगळ्या भाषा बोलत होत्या असे म्हटले तरी चालेल. या पद्धतींची नावे ‘निऑपोलिटन क्लब’ आणि ‘रोमन क्लब’ अशी पडली. इंग्लंडची ‘अकोल’ पद्धतही अशीच, लंडनच्या अकोल रोडवरच्या क्लबावरून आलेली. निकालपत्रांनी जे गाव गाळले ते बोलीपद्धतींच्या नावांनी जपले, आणि ब्रिजच्या इतिहासकाराला आजही त्यांचा मोठा आधार आहे. कोणती कल्पना कोणत्या शहरात रुजली हे देशाच्या नावावरून कधीच कळत नाही.

१९५८ मध्ये ऑस्लो येथे जागतिक ब्रिज महासंघाची स्थापना झाली. देशाचे नाव काय लिहायचे हा प्रश्न आता राजकीयही झाला. १९६९ च्या बर्म्युडा बोलमध्ये रिओ दि जानेरोला ‘प्रजासत्ताक चीन’ या नावाने खेळून थेट अंतिम सामन्यापर्यंत गेलेला तैवानचा संघ पुढे ‘चायनीज तैपेई’ झाला. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या वळणाची तीन अक्षरांची चिन्हे निकालांत रूढ झाली. ब्रिटनच्या बाबतीत गंमत उलटी आहे : ऑलिंपिकमध्ये एकत्र असणारा हा देश ब्रिजमध्ये २००० च्या सुमारापासून इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स अशा वेगळ्या संघांनी उतरू लागला. त्यामुळे एखाद्या ब्रिटिश खेळाडूची कारकीर्द दोन चिन्हांखाली विभागलेली सापडते.

आंतरराष्ट्रीय खेळाडू अमेरिकन स्पर्धांना मोठ्या संख्येने येऊ लागले तेव्हा टपालाच्या पत्त्यावर बेतलेला रकाना आणि देशांच्या चिन्हांची पद्धत समोरासमोर आली. १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मानकात प्रत्येक देशालाही दोन अक्षरे मिळाली होती, आणि त्यांतली कितीतरी अमेरिकी राज्यांच्या अक्षरांशी जुळतात. सीए म्हणजे कॅलिफोर्निया आणि कॅनडाही. डीई म्हणजे डेलावेअर आणि जर्मनी. आयएल म्हणजे इलिनॉय आणि इस्रायल. भारताची अक्षरे आयएन, तीच इंडियानाची. जॉर्जियाचे तर पूर्ण नाव लिहूनही भागत नाही, कारण ते राज्यही आहे आणि देशही. म्हणून परदेशी खेळाडूसाठी लघुरूप टाळून देशाचे नाव पूर्ण लिहिणे हाच सरळ मार्ग. मात्र केवळ देश लिहिला की घरच्या खेळाडूला गाव आणि पाहुण्याला नुसता देश असा भेद होतो. शिकागोचा माणूस शिकागोचा राहतो, मुंबईचा माणूस केवळ भारताचा होतो. गाव आणि देश दोन्ही लिहिणे हेच योग्य. त्याला जागा थोडी जास्त लागते, एवढेच.

मुंबईचे उदाहरण आणखी एका कारणाने घेण्यासारखे आहे. मुंबईचे जग्गी शिवदासानी यांनी १९८७ मध्ये अमेरिकेतील स्पिंगोल्ड करंडक जिंकला, तेव्हा इंग्रजीत त्यांचे शहर ‘बॉम्बे’ होते. शहराचे इंग्रजी नाव १९९५ मध्ये बदलले. मद्रासचे चेन्नई १९९६ मध्ये, कलकत्त्याचे कोलकाता २००१ मध्ये झाले. जुन्या निकालात ‘बॉम्बे’ आणि नव्यात ‘मुंबई’ दिसले, तर संगणकाला ती दोन गावे वाटतात. जुना निकाल छापला गेला तसाच ठेवावा आणि जोडणी सूचीत करावी, ही ग्रंथपालांची जुनी शिस्त इथेही लागू पडते.

राहणे आणि प्रतिनिधित्व करणे यांतले अंतर झिया महमूद यांच्या कारकिर्दीत ठळक दिसते. कराचीत जन्मलेल्या झियांनी १९८१ मध्ये पाकिस्तानच्या संघाला बर्म्युडा बोलच्या अंतिम सामन्यापर्यंत नेले. समोर अमेरिका होती. २००९ मध्ये साओ पाउलोला त्यांनी हीच स्पर्धा जिंकली ती अमेरिकेतर्फे. मधली कित्येक वर्षे ते न्यूयॉर्कला राहून पाकिस्तानी म्हणूनच ओळखले जात. त्या वर्षांच्या नोंदीत न्यूयॉर्क लिहिले तरी बरोबर आणि पाकिस्तान लिहिले तरी बरोबर. चूक होते ती रकाना एकच असल्यामुळे.

१९९७ मध्ये ट्युनिशियातील हम्मामेतला जागतिक स्तरावर खुली ‘ट्रान्सनॅशनल’ सांघिक स्पर्धा सुरू झाली. तिथे संघाला देशच नसतो. संघ प्रमुखाच्या किंवा पुरस्कर्त्याच्या नावाने ओळखला जातो आणि देशाची चिन्हे प्रत्येक खेळाडूपुढे स्वतंत्रपणे येतात. नोंदीच्या दृष्टीने ही पद्धत जास्त प्रामाणिक आहे.

देशांच्या स्पर्धांत मात्र वास्तव्याच्या नियमाने वेगळेच वळण घेतले. ठरावीक काळ एखाद्या देशात राहिले की त्याच्यातर्फे खेळता येते. पुरस्कर्ते पिएर झिमरमन यांनी आधी मोनॅकोत आणि नंतर स्वित्झर्लंडमध्ये निरनिराळ्या देशांचे खेळाडू एकत्र आणले. नॉर्वेचे गेइर हेल्गेमो आणि तोर हेल्नेस मोनॅकोचे झाले. स्युर्ट ब्रिंक आणि बास द्रायव्हर यांनी २०११ मध्ये नेदरलँड्ससाठी बर्म्युडा बोल जिंकला होता. मिखाउ क्लुकोव्हस्की, यात्सेक कालिता आणि मिखाउ नोव्होसाद्स्की यांनी २०१५ मध्ये चेन्नईला तो पोलंडसाठी जिंकला. २०२२ मध्ये इटलीतील साल्सोमाज्जोरेला हे पाचही जण त्याच स्पर्धेत स्वित्झर्लंडतर्फे उतरले, नेदरलँड्सविरुद्ध अंतिम सामना खेळले आणि जिंकले. विजेत्यांच्या यादीत त्या वर्षापुढे एकच नाव आहे : स्वित्झर्लंड.