दंडावरची खूण

आमच्या घरांतल्या वडीलधाऱ्यांच्या हातावर देवीच्या लशीचे मोठे, खोलगट व्रण आहेत. पुढच्या पिढ्यांच्या डाव्या दंडावर बीसीजीची लहानशी खूण आहे. २०२० साली गणपती घरातल्या घरात बसवावा लागला, तेव्हा या खुणेकडे आम्ही वेगळ्याच आशेने पाहिले. क्षयाची ही लस कोरोनालाही सौम्य करील, अशी चर्चा तेव्हा सर्वत्र होती. ही आशा अगदीच निराधार नव्हती.

लसीकरणाचा जन्मच मुळी एका रोगाने दुसऱ्यापासून वाचवण्यातून झाला. १७९६ मध्ये इंग्लंडात एडवर्ड जेन्नर यांनी गाईंना होणाऱ्या सौम्य देवीची लस एका मुलाला टोचली आणि माणसांच्या देवीपासून त्याचा बचाव झाला. ती लस बगदाद-बसरामार्गे मुंबईला आली. १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली गेली. तिच्यापासून पुढे दंडावरून दंडावर होत ती पुणे, सुरत आणि आपल्या हैदराबादपर्यंत पोचली. हीच देवीची लस मंकीपॉक्सपासूनही सुमारे ८५ टक्के संरक्षण देते, असे आफ्रिकेतल्या पाहणीत आढळले. कारण हे विषाणू एकाच कुळातले.

पण कूळ वेगळे असेल तर? बीसीजी प्रथम १९२१ मध्ये पॅरिसमध्ये दिली गेली. काही वर्षांतच स्वीडनचे डॉक्टर कार्ल नेसलुंड यांच्या ध्यानात आले, की बीसीजी घेतलेली बालके एकूणच कमी दगावतात. नुसता क्षय टळल्याने एवढा फरक पडणार नाही. पुढे पश्चिम आफ्रिकेतील गिनी-बिसाऊमध्ये कमी वजनाच्या नवजात बालकांना जन्मताच बीसीजी दिल्यावर पहिल्या महिन्यातले मृत्यू एक तृतीयांशाहून अधिक घटले. शरीरातल्या पहिल्या फळीच्या संरक्षक पेशींना या लशीने जणू तालीम मिळते, असे नेदरलँड्समधील संशोधकांनी दाखवले.

मात्र चेन्नई आणि पुद्दुचेरी येथे अशाच बालकांवर बीसीजीच्या वेगळ्या वाणाचे प्रयोग झाले, तेव्हा तो लाभ दिसला नाही. कोरोनाच्या काळात ऑस्ट्रेलिया, ब्राझील, स्पेन आदी देशांतल्या जवळजवळ ४,००० आरोग्य कर्मचाऱ्यांवर मोठी चाचणी झाली. २०२३ मध्ये तिचा निकाल आला: बीसीजीने कोरोनाचा धोका कमी झाला नाही.

आमच्यातल्या काहींनी मात्र दंडावरच्या खुणेच्या भरवशावर कोरोनाची लस घ्यायला चालढकल केली होती. त्या दिवसांत आम्ही जी माणसे गमावली, त्यांची आठवण ठेवून हे लिहीत आहोत.

दोनशे वर्षांच्या या इतिहासातून आम्हांला एवढेच उमगले: एका लशीचा दुसऱ्या रोगात उपयोग होतो, पण नेहमी नाही, आणि तो केव्हा होईल हे चाचणीवाचून सांगता येत नाही. असा लाभ पदरात पडला तर आनंदच. पण त्यावर विसंबून घरातल्या नातवंडांची किंवा आजी-आजोबांची एकही ठरलेली लस चुकवू नये.