गुणी पण वाया गेलेला माणूस घ्यावा का? (रॉडमनच्या सौद्याची गोष्ट)

"माणूस हुशार आहे हो, पण डोकं ठिकाणावर नाही. घ्यायचा का?" पक्ष असो, पतसंस्था असो की आमच्या पेपरचं ऑफिस, हा प्रश्न निघाला की मला २ ऑक्टोबर १९९५ आठवतो. त्या दिवशी शिकागो बुल्सने विल पर्ड्यू हा खेळाडू सॅन अँटोनियो स्पर्सला दिला आणि डेनिस रॉडमन घेतला.

रॉडमन तेव्हा ३४ वर्षांचा. डेट्रॉइटकडून दोन विजेतेपदं, दोनदा वर्षातला सर्वोत्तम बचावपटू, सलग चार वर्षं रिबाउंडमध्ये लीगमध्ये पहिला. म्हणजे हुकलेला चेंडू त्याच्याइतका कोणी पकडायचं नाही. पण फेब्रुवारी १९९३ मध्ये हाच माणूस डेट्रॉइटच्या स्टेडियमबाहेर आपल्या गाडीत झोपलेला सापडला होता, सोबत बंदूक. स्पर्समध्ये तर निलंबनं, व्यवस्थापनाशी भांडणं, प्लेऑफच्या सामन्यात बूट काढून कोर्टाच्या कडेला लोळणं, सगळं झालं. स्पर्सना तो नकोसा झाला होता.

शिकागोलाही तो आवडत नव्हताच. १९९१ च्या प्लेऑफमध्ये त्याने स्कॉटी पिपेनला ढकलून पाडलं होतं, त्याची खूण पिपेनच्या हनुवटीवर होती. तरी सौदा का झाला? मला तीन कारणं दिसतात.

एक, गरज नेमकी होती. होरेस ग्रँट १९९४ मध्ये ऑरलँडोला गेला आणि पुढच्याच वर्षी त्याच ऑरलँडोने बुल्सना घरी पाठवलं. रिबाउंड घेणारा गडी हवाच होता. दोन, किंमत कमी होती. एक खेळाडू द्यायचा आणि करारही एकाच वर्षाचा उरलेला. फसलं तरी घर बुडणार नव्हतं. तीन, आणि हे महत्त्वाचं, मॅनेजर जेरी क्राउसने जॉर्डन आणि पिपेनला आधी विचारलं. ज्यांना त्याच्यासोबत राहायचं होतं, त्यांचा होकार घेतला.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. पहिल्याच हंगामात ७२ विजय, १० पराभव. १९९६, ९७, ९८ अशी सलग तीन विजेतेपदं.

पण रॉडमन सुधारला का? अजिबात नाही. १९९६ मध्ये पंचाला डोक्याने धडक दिली, ६ सामने बंदी. १९९७ मध्ये कॅमेरामनला लाथ मारली, ११ सामने बंदी. बुल्सने त्याला सुधारण्याचा ठेका घेतलाच नव्हता. त्याचं काम ठरवून दिलं आणि बाकीचं सोसलं, कारण सोसायला जॉर्डन आणि फिल जॅक्सन होते. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. घर आधीच डळमळीत, आणि असा माणूस आणून तोच घर सावरेल अशी आशा.

आणखी एक गोष्ट खटकते. या हिशेबात सगळे संघाचा फायदा-तोटा मोजतात, मीही आत्ता तेच केलं. २०११ मध्ये हॉल ऑफ फेमच्या मंचावर रॉडमन रडला. आपण चांगला बाप होऊ शकलो नाही, याची खंत त्याने बोलून दाखवली. १९९३ च्या त्या रात्रीचं ओझं कुठल्याही सौद्यात कोणी विकत घेतलं नव्हतं. ते त्याचं त्याच्याकडेच राहिलं.

असा माणूस घ्यायचा तर जरूर घ्या. फक्त तो आपल्याला काय देणार हे विचारताना, आपण त्याला काय देणार हेही एकदा विचारा. बघा पटतंय का.