विद्यापीठाचें मोकळें अंगण

नागपूर विद्यापीठाची स्थापना ४ ऑगस्ट १९२३ रोजीं झाली, त्या वेळीं सहा महाविद्यालयें त्याच्याशीं संलग्न होतीं, विद्यार्थ्यांची एकूण संख्या ९२७ होती आणि सर बिपिन कृष्ण बोस हे पहिले कुलगुरु होते, ही माहिती शताब्दीच्या निमित्तानें अनेकदां छापून आली आहे. परीक्षा, पदव्या, इमारती आणि कुलगुरूंच्या कारकीर्दी यांचा वृत्तांत कोणत्याहि विद्यापीठास सहज लिहितां येतो, कारण त्यांचीं दप्तरें जपलेलीं असतात. परंतु शुल्काची पावती न फाडतां जें शिक्षण दिलें-घेतलें गेलें, वादसभांतून, वाङ्मयमंडळांतून, व्याख्यानांतून, स्नेहसंमेलनांतून, त्याचें दप्तर कोणीं ठेवलें? ज्याचे पैसे घेतले नाहींत त्याचा हिशेबहि ठेवावयाचा नाहीं, हा आपला जुना स्वभाव आहे. प्रस्तुत लेखांत त्या बेहिशेबी बाजूकडे थोडें पाहावयाचें आहे.

आपल्याकडे अशी समजूत आहे कीं, आधीं विद्यापीठ आलें आणि मग त्याच्या आश्रयानें विद्यार्थ्यांचे सांस्कृतिक कार्यक्रम वाढले. इतिहासाचा क्रम नेमका उलट आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ सालचें. पण एल्फिन्स्टन संस्थेंतील विद्यार्थ्यांनीं व प्राध्यापकांनीं मिळून 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' काढली ती १८४८ मध्यें. दादाभाई नौरोजी हे त्या मंडळींतलेच. सभासदांनीं निबंध वाचावे व त्यांवर चर्चा व्हावी हा मूळ हेतु. परंतु इंग्रजींत वाचलेला निबंध सभागृहाच्या भिंतींबाहेर फारसा जात नाहीं. तेव्हां मराठी आणि गुजराती अशा दोन ज्ञानप्रसारक सभा निघाल्या, व मराठी शाखेचें अध्यक्षपद दादोबा पांडुरंग यांजकडे आलें. १८४९ सालीं याच तरुणांनीं मुलींच्या शाळा उघडल्या, आणि आपल्या कॉलेजचे तास सुरू होण्यापूर्वीं, सकाळच्या वेळीं, तेथें बिनपगारी शिकविलें. हल्लीं 'उपक्रम' म्हटला कीं एक दिवस, एक फलक आणि एक छायाचित्र एवढें डोळ्यांपुढें येतें. वाचकांनीं दोहोंची तुलना स्वतःच करावी.

नागपुरास उच्च शिक्षण उशिरां पोंचलें. हिस्लॉप कॉलेज १८८३ चें, मॉरिस कॉलेज १८८५ चें. येथील परीक्षा प्रथम कलकत्ता विद्यापीठाच्या व पुढें अलाहाबादच्या. घरीं मराठी किंवा हिंदी, वर्गांत इंग्रजी, आणि प्रश्नपत्रिका गंगायमुनेच्या संगमावरून यावयाची, अशी त्या काळच्या विद्यार्थ्याची त्रिस्थळी यात्रा चाललेली असे. वऱ्हाडांतला विद्यार्थी तर बहुधा पुण्यामुंबईकडेच वळे. अशा स्थितींत वर्ग सुटल्यावर भरणारें मराठी मंडळ म्हणजे निवळ करमणूक नव्हती. जो विषय सकाळीं परक्या भाषेंत टिपून घेतला तो आपल्या भाषेंत बोलून पाहतां येतो किंवा नाहीं, बोलतां बोलतां तो आपल्याला कळला आहे किंवा नाहीं, याची परीक्षा तेथेंच होत असे. विदर्भ साहित्य संघाची स्थापना १४ जानेवारी १९२३ ची, म्हणजे विद्यापीठाच्या आधीं जवळजवळ सात महिन्यांची. हा योगायोग मला अर्थपूर्ण वाटतो. पदवीच्या वर्गांत मराठी व हिंदी यांस माध्यम म्हणून स्थान देण्याचें पाऊल विद्यापीठानें उचललें तें १९४७ च्या सुमारास. तोंपर्यंतचें पाव शतक विद्येच्या क्षेत्रांत देशी भाषांचा संसार अशा बिनशुल्क मंडळांनींच पुष्कळसा चालविला.

'विनामूल्य' या शब्दाचा खरा अर्थ मात्र नागपूरकरांस १९२० सालीं कळला. त्या वर्षाच्या जानेवारींत इंडियन सायन्स काँग्रेसचें अधिवेशन आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांच्या अध्यक्षतेखालीं येथें भरलें. डिसेंबरांत राष्ट्रीय सभेचें अधिवेशन भरलें, आणि त्याच सुमारास अखिल भारतीय कॉलेज विद्यार्थी परिषद लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखालीं झाली. एकाच गांवांत, एकाच वर्षांत, एकानें प्रयोगशाळेंत बसून राहण्याचें आमंत्रण द्यावें व दुसऱ्यानें वर्ग सोडून बाहेर पडण्याचें! राष्ट्रीय सभेनें असहकाराचा ठराव कायम केला, आणि सरकारी व सरकारी मदतीवर चालणाऱ्या शाळा-कॉलेजांचा त्याग हा त्या ठरावाचाच एक भाग होता. नेत्यांचें भाषण ऐकून घरीं परतणाऱ्यास तें फुकट पडलें. ऐकून कॉलेज सोडणाऱ्यास त्याचें मोल वर्षानुवर्षें फेडावें लागलें: कोणाची पदवी गेली, कोणाची नोकरी, कोणाच्या घरीं बापलेकांचें बोलणें बंद झालें. राष्ट्रीय शाळा निघाल्या, त्यांतल्या पुष्कळ अल्पायुषी ठरल्या, आणि बरेच तरुण पुन्हां जुन्या बाकांवर येऊन बसले. परत आलेल्यांस हंसण्याची एक रीत पुढें पडली; ती मला न्यायाची वाटत नाहीं. दोन वर्षें कां होईना, ऐकलेल्या शब्दाबद्दल त्यांनीं स्वतःच्या पदरचें कांहीं तरी मोजलें होतें.

सायन्स काँग्रेस त्यानंतर १९३१ सालीं नागपुरास आली, १९४५ सालीं शांतिस्वरूप भटनागर यांच्या अध्यक्षतेखालीं आली, १९७४ सालीं आली, आणि विद्यापीठाच्या शताब्दीवर्षांत, ३ ते ७ जानेवारी २०२३ या दिवसांत, विद्यापीठाच्या स्वतःच्या आवारांत भरली. तिचा इतिहास निराळाच लिहावयास हवा.

स्वातंत्र्यानंतर विद्यार्थ्यांच्या कलाकार्यांत सरकारनें लक्ष घातलें. १९५४ सालीं दिल्लीस तालकटोरा उद्यानांत पहिला आंतरविद्यापीठ युवक महोत्सव झाला, आणि निरनिराळ्या प्रांतांतलीं मुलेंमुली प्रथमच एकमेकांचीं गाणीं व नृत्यें ऐकूं-पाहूं लागलीं. हा लाभ थोडा नव्हे. पण त्याबरोबर स्पर्धा आली, आणि स्पर्धेनें श्रोत्याची हकालपट्टी केली असें माझें मत आहे. वाङ्मयमंडळांत चार बोलत आणि शंभर ऐकत. महोत्सवासाठीं तेच चार महिनाभर तालीम करितात, आणि उरलेल्या शंभरांस कार्यक्रम झाल्याचें कळतें तें निकालाच्या फलकावरून. आज राज्यांतील विद्यापीठांचा 'इंद्रधनुष्य' महोत्सव आहे, २०१६ च्या कायद्यानें आलेलें विद्यार्थी विकास मंडळ आहे. पदकें पूर्वींहून कितीतरी अधिक आहेत.

या सर्व वृत्तांतांत मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट नागपूर विद्यापीठाची नव्हेच. पण ती नागपुरांत घडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें औरंगाबादेस १९५० सालीं महाविद्यालय काढलें, तेंच पुढें मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आलें. तेथील स्नेहसंमेलनासाठीं प्राचार्य म. भि. चिटणीस यांनीं 'युगयात्रा' हें नाटक लिहिलें, आणि १९५५ सालीं तें बाबासाहेबांच्या समक्ष झालें. अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसाची पुराणकाळापासून आजपर्यंतची वाटचाल हा त्याचा विषय. स्नेहसंमेलनाचें नाटक म्हटलें कीं आपल्यापुढें काय येतें? भाड्यानें आणलेले पोषाख, मागच्या बाकांवरून शिट्ट्या, प्राध्यापकांची नक्कल, आणि दुसऱ्या दिवशीं सर्व विसरून जाणें. तसल्या एका निमित्तासाठीं लिहिलेलें हें नाटक पुढच्याच वर्षीं, १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरांत झालेल्या धम्मदीक्षेच्या प्रसंगीं, खेड्यापाड्यांतून पायीं, बैलगाडीनें आणि आगगाडीनें आलेल्या समुदायापुढें झालें. त्या प्रेक्षकांपैकीं बहुतेकांनीं कॉलेजची पायरी पाहिलेली नव्हती. कित्येकांच्या वाडवडिलांस तर शाळेच्या ओटीवरहि बसूं दिलेलें नव्हतें. महाविद्यालयाच्या अंगणांत जन्मलेली कला ज्यांची होती त्यांच्याकडे अशी चालत गेल्याचें दुसरें इतकें स्पष्ट उदाहरण माझ्या माहितींत नाहीं. पुढें १९६४ सालीं त्याच दीक्षाभूमीवर डॉ. आंबेडकर महाविद्यालय उभें राहिलें. आधीं मैदान, आधीं नाटक, मग महाविद्यालय. क्रम पुन्हां तोच.

२००५ सालीं विद्यापीठास राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचें नांव दिलें गेलें. ज्यांचें शालेय शिक्षण प्राथमिक इयत्तांपलीकडे गेलें नाहीं आणि ज्यांनीं खंजिरीवर भजनें म्हणत उघड्या आकाशाखालीं हजारोंना बसविलें, अशा पुरुषाचें नांव पदवीपत्रावर छापलें जावें यांत कोणास विसंगति दिसेल. मला दिसत नाहीं. 'ग्रामगीता' १९५५ सालीं प्रसिद्ध झाली, आणि तिचे श्रोते तिकीट काढून आलेले नव्हते.

आतां राहिला आजचा प्रश्न. कार्यक्रमास तिकीट नाहीं म्हणजे तो सर्वांस खुला आहे, असें धरून चालण्याची आम्हां आयोजकांस संवय आहे. कामठी, सावनेर, काटोल, उमरेड या बाजूंनीं रोज बसनें येऊन-जाऊन शिकणाऱ्यांस आमच्याकडे 'अपडाऊन करणारे' म्हणतात. अमरावतीचें विद्यापीठ १९८३ सालीं व गडचिरोलीचें गोंडवाना विद्यापीठ २०११ सालीं निराळें झाल्यानें लांबच्यांची सोय झाली, जवळच्यांची झाली नाहीं. व्याख्यान पत्रिकेवर साडेपांचाचें असतें. दीपप्रज्वलन, स्वागत, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक आणि पाहुण्यांचा परिचय आटोपून वक्ता उभा राहतो तेव्हां सात वाजत आलेले असतात. नेमक्या त्याच वेळीं मागच्या रांगेंतील एखादी मुलगी घड्याळाकडे पाहून, वही पिशवींत घालून, वाकून बाहेर निघून जाते. तिला शेवटची बस गांठावयाची असते, आणि बस चुकली तर पुन्हां अशा कार्यक्रमास थांबण्याची परवानगी घरून मिळावयाची नसते. तिच्यासाठीं तो कार्यक्रम फुकट नव्हे, महाग आहे. १८४९ च्या त्या मुंबईकर तरुणांनीं शिकविण्यासाठीं सकाळची वेळ निवडली होती आणि आपले कॉलेजचे तास त्यानंतर गांठले होते. आमच्या बहुतेक महाविद्यालयांचीं सभागृहें दुपारीं एक ते दोन या वेळांत रिकामीं असतात.