घाटावरचा श्वास

माघातली पहाट. राम घाटाच्या पायऱ्या दवाने ओल्या आहेत. तुमच्या पाठीवरच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांशेजारी एक कंडेन्सर माईक आहे. तो इथे बाहेर काढू नका. त्याच्या पोटात सोन्याचा मुलामा दिलेला पडदा आहे, केसाच्या दहाव्या हिश्शाएवढा पातळ. क्षिप्रेवरचं धुकं त्यावर बसलं की आवाजाऐवजी कडकड ऐकू येते. तुम्हाला जायचंय घाटामागच्या गल्लीत, एका मराठी घरात. तिथल्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या आजी आईकडून आलेल्या ओव्या म्हणणार आहेत.

अजून वेळ आहे. पाण्यापर्यंत उतरा. डोळे मिटा.

उघडता तेव्हा काठावर विजेचा एकही दिवा नाही. उज्जैन शिंद्यांची राजधानी आहे, ती इथून हलण्याचं 1810 साल अजून यायचं आहे. नदीत कमरेइतक्या पाण्यात उभी असलेली एक बाई मराठीत काहीतरी गुणगुणते आहे. तुम्ही चारच पायऱ्यांवर आहात, तरी शब्द लागत नाहीत. कान देऊन ऐकता, तोवर ती काठावर येऊन लुगडं पिळू लागते. तो आवाज साठवायला या जगात काहीच नाही.

पुन्हा पापणी लवते. 1902चा नोव्हेंबर, कोलकात्यातली हॉटेलची खोली. भिंतीतून बाहेर आल्यासारखा एक मोठा कर्णा, आणि त्याच्या तोंडाशी गायिका गौहर जान. पलीकडे ध्वनिमुद्रक फ्रेड गेसबर्ग मेणाच्या तबकडीकडे पाहतो आहे. विजेचा इथे संबंधच नाही. गाणारीच्या आवाजातला जोर सुईला हलवणार, सुई मेण कोरणार. म्हणून मोठ्याने गायचं, जेमतेम तीन मिनिटांत संपवायचं. तुमच्या शेजारचा तंबोरा खोलीत स्वच्छ ऐकू येतोय, मेणावर मात्र त्याचा मागमूसही राहणार नाही. मराठी माणसाला या खोलीत आणखी एक गोष्ट सलते. भाऊराव कोल्हटकर 1901 मध्ये गेले. पुरती दोन वर्षंही झाली नाहीत! संगीत रंगभूमी ज्या गळ्यावर उभी राहिली, तो आपल्यापैकी कोणी ऐकलेला नाही.

पुढे सरका. 1916, अमेरिका. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत एडवर्ड वेन्टे ताणलेल्या पातळ पत्र्याशेजारी धातूची एक चकती बसवतो. दोन्हींमध्ये जेमतेम फट, आणि दोन्हींवर विजेचा भार. आवाजाने पत्रा थरथरतो, फट कमीजास्त होते, तशी वीज बदलते. हाच कंडेन्सर माईक. आता सुई ओढायचं काम गायकाच्या छातीवर नाही. कुजबुजही पुरेल. 1928 मध्ये बर्लिनमध्ये गेओर्ग नॉयमान असाच माईक बाटलीच्या आकारात विकायला आणतो.

फरक कानांनी तपासायचा असेल तर अब्दुल करीम खाँसाहेब ऐका. 1905च्या सुमारास ते कर्ण्यासमोर गायले, 1930च्या दशकात विजेच्या माईकसमोर. तोच माणूस, पण दुसऱ्या खेपेला स्वर जिथे हलका होत विरतो, तिथपर्यंत आपल्याला त्यांच्यासोबत जाता येतं.

एक छोटा थांबा नॉर्वेत, 1966. तिथल्या रेडिओला ट्रान्झिस्टरचे माईक हवेत. त्यांच्या इमारतीत आपत्कालीन दिव्यांसाठी 48 व्होल्टची वीज आधीच खेळवलेली आहे. नॉयमानची माणसं म्हणतात, मग माईकसाठी हीच घेऊ. तुमच्या रेकॉर्डिंगच्या यंत्रावर ‘48’ लिहिलेलं बटण आहे ना, ते तिथून आलं.

घाटावर घंटा वाजते. तुम्ही गल्लीतल्या आजींच्या खोलीत पोहोचता.

आता घाई करू नका. पंखा बंद, फ्रिज बंद. खिडकी घाटाकडे उघडते, म्हणून आजींना खिडकीकडे तोंड करून बसवा. मग माईकची पाठ खिडकीकडे येते, आणि कार्डिऑइड माईक पाठीमागचं सगळ्यात कमी ऐकतो. आजींच्या मागे मात्र दोरीवर रजया टांगा. नाहीतर उघड्या भिंतीवरून परतलेला आवाज सरळ माईकमध्ये शिरेल. कोपरा टाळा, तिथे आवाज घुमतो.

आधी केबल, मग 48 व्होल्ट, मग हळूहळू गेन. हा क्रम मोडू नका. अशा बहुतेक मोठ्या माईकची ऐकणारी बाजू शेंड्याला नसते, अंगाला असते, ज्या बाजूला कंपनीचं चिन्ह आहे तिकडे. आजींचे ओठ तिथून एक वीत. आणखी जवळ घेतलं तर आवाज खर्जात फुगतो, हातभर लांब गेलात तर खोलीच जास्त ऐकू येते. ओव्यांत पंढरी पुन्हा पुन्हा येणार, आणि ‘प’ म्हणताना हवेचा झोत सुटतो. म्हणून मध्ये जाळीचा पॉप फिल्टर ठेवा, माईक ओठांहून जरा वर घेऊन थोडा तिरका करा. बांगड्या काढायला सांगू नका. हातांखाली उशी द्या. सगळ्यात मोठा स्वर उणे 12 डेसिबलच्या आसपास राहू द्या. आजी रंगात आल्या की चढतील, त्यासाठी जागा हवी.

हेडफोन लावा.

आधी काहीच नाही. मग एक श्वास आत जातो. जरा खरखरता, वयाचा. कर्ण्याला हा कधीच ऐकू आला नसता. त्यामागून पहिला स्वर निघतो, इतका हळू की समोर बसून तुम्हाला पुरता कळला नसता. मधल्या ओळीला आजी अडखळतात, स्वतःशी हसतात आणि पुढचा शब्द सापडतो. हे कापून टाकू नका.

तुमच्या घरात अशी आजी असेल, तर या रविवारीच पंखा बंद करा, रजया टांगा आणि तिच्यासमोर बसा. चांगला माईक नसला तर फोन ठेवा, पण बसा.