दासगाव बंदराची कुळकथा

१२ ऑक्टोबर १७५६ रोजी पुणे दरबार आणि मुंबईकर इंग्रज यांच्यात तह झाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग घेतला होता. तो पेशव्यांना द्यायचा आणि सावित्रीच्या मुखाशी असलेला बाणकोट इंग्रजांनी ठेवायचा, असा सौदा ठरला. बाणकोटबरोबर दहा गावं गेली, त्यांत दासगाव होतं. किल्ल्यापासून खाडीने बरंच आत, भोवती मराठ्यांचा मुलूख आणि मधे हे एकटं ईस्ट इंडिया कंपनीचं गाव. महाड पेशव्यांचं, तिथून अडीच कोसांवरचं दासगाव इंग्रजांचं.

दासगाव मोलाचं होतं ते पाण्यामुळे. सावित्रीत भरती महाडपर्यंत चढते, पण मोठी गलबतं दासगावलाच थांबत आणि पुढे लहान होड्या जात. वरंधा घाटाने उतरलेला देशावरचा माल आणि समुद्रावरून आलेला माल यांची गाठ याच पट्ट्यात पडे. ही गाठ फार जुनी आहे. महाड-दासगाव वाटेवरच्या गांधारपाले लेण्यांत, इसवीसनाच्या पहिल्या शतकांतल्या एका कोरीव लेखात, कुमार काणभोअ विष्णुपालिताने केलेल्या दानाची नोंद आहे: लेणं, चैत्यगृह, आठ खोल्या, दोन्ही बाजूंना पाण्याची टाकी आणि लेण्याकडे जाणारी वाट. दात्याने टाकी आणि वाटसुद्धा नोंदवून ठेवली, हे मला त्या लेखातलं सर्वांत जिवंत वाटतं. भिक्षूंना अन्न पुरवणारी वस्ती आणि दान देणारी व्यापाराची वाट, दोन्ही त्या डोंगराच्या पायथ्याशीच असणार.

१७७१च्या सुमारास जेम्स फोर्ब्स हा कंपनीचा नोकर प्रकृतीसाठी बाणकोटहून इकडे आला. जवळचे गरम पाण्याचे झरे आणि ही लेणी त्याने पाहिली. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, सगळीकडे कंपनीचंच राज्य झालं आणि दासगावची सीमा पुसली गेली. ती जेमतेम बासष्ट वर्षं टिकली होती.

तरी तिने मागे काही ठेवलं, असं मी मानतो. कंपनीच्या मुंबई फौजेत कोकणातले महार मोठ्या संख्येने शिपाई होते. पलटणीत त्यांना लिहिणं-वाचणं मिळालं आणि पेन्शन घेऊन ते या खाडीकाठच्या गावांत परतले. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर त्यांपैकीच. १८८६ साली ते फौजेतून निवृत्त झाले, १८८८ मध्ये त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ लिहिलं. पुढे सरकारने महार भरती बंद केली, तेव्हा त्याविरुद्ध अर्ज करणारेही तेच.

त्या पुढच्या पिढीत दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे उभे राहिले. अस्पृश्य म्हणून महाडच्या शाळेने दार लावलं, तेव्हा शाळकरी वयातच त्यांनी वर्तमानपत्राला पत्र लिहून ते उघडायला लावलं. गावातल्या क्रॉफर्डच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाणवठ्यावर अस्पृश्यांनी पाणी प्यावं, ही चळवळ त्यांनी महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या आधीच केली. मार्च १९२७ची महाडची परिषद भरली तीही त्यांच्याच खटपटीने. महाडचा इतिहास सांगताना आपण थेट तळ्यापाशी पोचतो आणि दासगाव वाटेतच राहून जातं, याचं मला वाईट वाटतं.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रहाला निघताना बाबासाहेब आंबेडकरांना धरमतरची वाट जवळची होती. पण तिथे मोटारवाल्यांनी बहिष्कार टाकला, तर सगळेच अडकून पडले असते. दासगावहून मात्र महाड पायी गाठता येण्याजोगं होतं. म्हणून मंडळी ‘पद्मावती’ आगबोटीने हरिहरेश्वरला आणि तिथून ‘अंबावती’ने खाडीतून वर आली. २५ डिसेंबरला दुपारी बोट दासगावला लागली, तेव्हा काठावर सुमारे तीन हजार सत्याग्रही वाट पाहत उभे होते. थोड्या वेळाने ते घोषणा देत महाडकडे चालू लागले.