घोडेबाजाराच्या वाटेवरचं चिनी

परक्यांना चिनी शिकवणाऱ्या पुस्तकांचं मूळ शोधणारे बहुतेकदा थॉमस वेडपाशी थांबतात. बीजिंगच्या ब्रिटिश वकिलातीतल्या उमेदवार दुभाष्यांसाठी त्याने 1867 साली पाठ्यपुस्तक काढलं. पण त्याच्या सुमारे पाचशे वर्षं आधी कोरियात ‘नोगॉल्दे’ तयार झालं होतं, आणि इतकं जिवंत पाठ्यपुस्तक मला दुसरं माहीत नाही.

हे पुस्तक म्हणजे सलग संवाद. कोरियन व्यापारी घोडे, कापड आणि जिनसेंग विकायला बीजिंगला निघालेत, वाटेत एक चिनी व्यापारी भेटतो आणि सगळे सोबतीने पुढे जातात. व्याकरणाचा एकही नियम नाही. मुक्कामाला जागा मागायची, घोड्यांना चारा घालायचा, भावात घासाघीस करायची. विहिरीवर पोहरा काही केल्या बुडत नाही, तेव्हा चिनी सोबती दाखवतो: पाण्यापासून थोडा वर उचल, झोका दे आणि पालथा आदळ. कोरियन म्हणतो, आमच्याकडे पाणी बायका भरतात, डोक्यावरून आणतात. तो चिनी भाषा शिकला कसा, तेही कळतं. शाळेत चिठ्ठी काढत. ज्याचं नाव निघे त्या मुलाने पाठ म्हणायचा. चुकला तर तीन फटके, नीट म्हटला तर माफीची चिठ्ठी, पुढच्या वेळचा मार वाचवणारी.

पुढे कोरियाच्या दरबारी दुभाष्यांचं शिक्षण याच पुस्तकावर झालं. सोळाव्या शतकाच्या आरंभी छ्वे सेजिन या दुभाष्याने प्रत्येक चिनी अक्षराखाली हंगुल लिपीत दोन उच्चार दिले: डावीकडे ग्रंथांत ठरलेला, उजवीकडे त्याच्या काळी प्रत्यक्ष कानावर पडणारा. हंगुल जाहीर झाली 1446 साली. म्हणजे लिपी अजून नवीच होती. शिकणाऱ्याची अडचण इतकी नेमकी ओळखणारा शिक्षक विरळाच.

बोली बदलली की पुस्तकही दुरुस्त होई. 1998 साली देगू शहरात त्याची फार जुनी प्रत सापडली, तेव्हा हे फरक उघड झाले. या प्रतीत सौदे कागदी नोटांत होतात, नंतरच्या आवृत्त्यांत चांदीत. जुन्या वाक्यांच्या शेवटी मंगोल धाटणीने क्रियापद येतं. मिंग काळात ते गाळलं गेलं. चिनी पंडित बोलीत क्वचितच लिहीत, म्हणून मंगोल राजवटीच्या युआन काळातलं उत्तरेकडचं बोलणं अभ्यासायला आजचे भाषाशास्त्रज्ञ या कोरियन पुस्तकाकडेच वळतात. 1761 आणि 1795 साली ते पुन्हा नव्या बोलीत उतरवलं गेलं. व्यापारी तेच, रस्ताही तोच.